अधुऱ्या चर्चची छपाई

रायपुरात घर बांधून झालं हे ओळखायची एकच खूण आहे. विटा दिसेनाशा झाल्या, की झालं. विटा दिसतात तोवर ते घर ‘बन रहा है’. मग आत माणसं राहोत, त्यांची लग्नं होवोत, नातवंडं अंगणात रांगोत. घर आपलं बनतच असतं. या हिशेबाने भट्टीपाऱ्यातलं मिशनचं चर्च सत्तर वर्षं बनत होतं. रिक्षावाल्याला ‘मिशन चर्च’ म्हटलं तर तो डोकं खाजवायचा. ‘अधुरा चर्च’ म्हटलं की पायडल मारायला लागायचा.

कौमुदी हे पहिल्यांदा शिकली ती पंडरीला जाताना. सांगलीची मुलगी, पुण्याला आर्किटेक्चर शिकलेली. छत्तीसगड राज्य नवं झालं आणि पाठोपाठ लग्न करून ती रायपूरला आली. नवरा नरेंद्र नव्या राजधानीच्या एका नव्या कचेरीत होता. कचेरीला अजून पाटी नव्हती पण हजेरी होती. सासरे बडनेऱ्याहून रेल्वेतून बदलून आले ते इथलेच झाले. सासूबाई कुमुद यांच्या तोंडी वऱ्हाडी, हिंदी आणि छत्तीसगडी अशा काही मुरल्या होत्या की कुठली कुठे संपते ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

तर कौमुदीच्या तान्ह्या ओजसच्या लंगोटांचं कापड घ्यायला सासू-सून पंडरीला निघाल्या होत्या, आणि भट्टीपाऱ्याच्या वळणावर कौमुदी एकदम ओरडली, “थांबा, थांबा!”

“काय झालं? पोट्टा पडला काय?” कुमुदताई किंचाळल्या.

पोट्टा आजीच्याच मांडीवर होता. कौमुदी चर्चकडे बघत होती.

समोरची भिंत सपाट नव्हतीच. इस्त्री केलेल्या नऊवारीच्या निऱ्या उभ्या धराव्यात तशी ती घडीघडीने वर गेली होती. मधली कमान खांबांवरून निघत नव्हती, थेट जमिनीतूनच उगवून उंच टोकाला मिळत होती. आणि विटा! जांभळ्या, काळसर, कुठे निळ्या झाकेच्या, काही तर चक्क वाकड्या. ओळीआड एक ओळ विटा कोपरा बाहेर काढून बसवलेल्या, त्यामुळे अख्ख्या भिंतीला करवतीसारखे दाते आले होते, आणि दर दात्याखाली आपापली एक सावली होती.

“आई, हे बघा ना.”

“बघितलं बाई. वीस वर्षं बघून राहिली. पूर्णच नाही होत ते. चाल, उन्हं वाढून राहिली.”

त्या दिवशी लंगोटांचं कापड जरा कमीच आलं, कारण कौमुदीचं मापात लक्ष नव्हतं.

पुढचे काही महिने तिने त्या चर्चचा इतिहास लिहिला. लिहिला म्हणजे ओजस झोपेल तेव्हा लिहिला. तो तिचा डावा अंगठा मुठीत धरूनच झोपायचा, आणि अंगठा सोडवला की जागा व्हायचा. मग ती तशीच पलंगाच्या कडेला आडवी होऊन उजव्या हाताने लिहायची. वाक्य लांबायला लागलं की तो कूस बदलायचा. त्यामुळे तिची वाक्यं आपोआप आटोपशीर झाली. मिशनच्या जुन्या लोकांना विचारायला जायची तेव्हा तो कडेवर असायचा, आणि लोक आधी त्याच्याशी बोलायचे, मग चर्चविषयी.

जमलं ते असं. चर्च बांधलं लिंडेमान नावाच्या एका जर्मन पाद्र्याने. पाद्री होण्याआधी तो इमारती बांधायला शिकला होता. गावात त्याला लिंबूसाहेब म्हणत. तो आंबट होता म्हणून नव्हे, नाव येत नव्हतं म्हणून. त्याच्या उत्तर जर्मनीत पहिल्या महायुद्धानंतर काही स्थापत्यकारांनी ठरवलं की दगडाचे खांब, चुन्याची फुलं, जुन्या राजवाड्यांची नक्कल आता पुरे. साध्या विटेनेच बोलावं. राग, भीती, प्रार्थना, जे काय असेल ते विटेच्या घडीतून, टोकातून, सावलीतून दिसावं. त्या शैलीला अभिव्यक्तिवादी म्हणतात. कुमुदताईंनी हा शब्द एकदा ऐकला आणि पुन्हा ऐकायची इच्छा दाखवली नाही.

लिंबूसाहेबाला जर्मनीतली ती करकरीत भाजलेली काळी वीट इथे कुठून मिळणार? पण भट्टीपाऱ्यात भट्ट्या होत्या, आणि दर भट्टीत आगीच्या अगदी जवळचा थर जास्त भाजून काळा-जांभळा व्हायचा. या झामा विटा. कोणी घराला घेत नसे. पायाखाली फोडून टाकायच्या नाहीतर गाढवामागे फेकायच्या लायकीच्या. साहेबाने भट्टीभट्टीतून त्याच गोळा केल्या. गावाची खात्री पटली की उन्हाने साहेबाचं डोकं गेलं. चर्च उभं राहिलं. सगळे गिलाव्याची वाट बघू लागले. साहेब काही गिलावा करेना. मग दुसरं महायुद्ध आलं, साहेब जर्मन म्हणून सरकारने त्याला उचलून छावणीत ठेवलं, आणि गावाने निष्कर्ष काढला: बिचाऱ्याचं काम अर्धं राहिलं.

कौमुदीचं म्हणणं, अर्धं नाही. पूर्ण. आणि तिला हे इतकं लखलखीत दिसत होतं की इतरांना कसं दिसत नाही याचंच तिला नवल वाटे.

चर्चचा कारभार बघणाऱ्या होत्या विनोदिनी गायकवाड. मिशनच्या शाळेत आयुष्यभर शिकवलेलं, म्हणून अख्खा पारा, म्हणजे मोहल्ला, त्यांना टीचर म्हणे. आजोबा अचलपूरकडून आले होते, बोली तीच राहिली होती. चर्चला सत्तर वर्षं होणार, त्याचा सोहळा करायचा ठरलेला. कौमुदीने लिहिलेल्या इतिहासाची पुस्तिका तेव्हा निघावी असं तिच्या मनात होतं. टीचरांच्या ओळखीने दोघी राजधानी सजावट कक्षाच्या पत्तरकिने साहेबांना भेटायला गेल्या. नव्या राज्याला सोहळ्यांची हौस होती आणि कक्षाला सजवायला शहर कमी पडत होतं.

स्वानंद पत्तरकिने हे नावाने आणि घराण्याने पक्के नागपुरी, पण जन्म रायपूरच्या सदर बाजारातला. मराठी सगळं समजायचं, उत्तर हिंदीतूनच यायचं. कौमुदीने टेबलावर चर्चचे फोटो मांडले, शेजारी लिहिलेले कागद ठेवले आणि लिंबूसाहेबापासून सुरुवात केली. ती निऱ्यांसारख्या भिंतीपर्यंत पोचते तोच ओजसने साहेबांच्या टेलिफोनची तार तोंडात घातली. ती काढली तर त्याने पेपरवेट मागितला. तो नाही दिला तर ओठ काढला. पुढे काय होणार हे प्रत्येक आईला माहीत असतं. कौमुदीने सगळा इतिहास एका वाक्यात गुंडाळला.

“सर, बाकी सब तैयार है. बस, छपाई रह गई है.”

पत्तरकिने साहेबांनी फोटोंकडे पाहिलं. एक उचलून लांब धरून पाहिला.

“हाँ,” ते म्हणाले, “वो तो दिख ही रहा है.”

“हो ना सर? तेवढी झाली की—”

“हो जाएगी. सोहळ्याच्या आधी हो जाएगी.” एवढे दोन शब्द त्यांच्याकडून मराठीत निसटले, म्हणजे ते खरोखर हलले असावेत.

बाहेर जिन्यात टीचरांनी कौमुदीला मिठीच मारली. मध्ये ओजस चेपला आणि रडायचं विसरला. टीचरांच्या डोळ्यांत पाणी होतं.

“पोरी, मले वाटे तुले फक्त पुस्तकातलं समजते. तू तर माह्या मनातलं बोलली.”

कौमुदीला वाटलं, स्थापत्याच्या इतिहासावर इतकं प्रेम करणारी बाई आपल्याला अख्ख्या पुण्यात भेटली नाही.

त्यानंतर बरेच दिवस काही झालं नाही. मग एका सकाळी कुमुदताई गोलबाजारातून भाजी घेऊन आल्या त्या बातमी घेऊनच.

“तुह्या चर्चले नशीब आलं बाप्पा. ट्रक उभा आहे. रेती, सिमेंट, बल्ल्या. सरकार छपाई करून देऊन राहिलं म्हणे.”

कौमुदी ओजसला भात भरवत होती. “ट्रकमधून? छपाईला सिमेंट कशाला लागतं?”

“मंग काय कणकीनं करतात तुह्या सांगलीत?”

घास ओजसच्या तोंडासमोर थांबला. त्याने तोंड उघडं ठेवून वाट पाहिली.

“आई, छपाई म्हणजे काय?”

“हे घ्या! इंजिनेर सून आणली.” कुमुदताईंनी भाजीची पिशवी खाली ठेवली. “भिंतीले करतात ते. रेती-सिमेंट. कोणी छबाई म्हणते, कोणी छपाई. तुम्ही काय म्हणता?”

“गिलावा.”

“मंग तेच.”

“आणि पुस्तक करतात त्याला?”

“त्यालेबी छपाईच म्हणतात.” कुमुदताईंनी सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हळूहळू त्यांचा पदर तोंडाकडे गेला. “अगं माय. काय मागून आली तू?”

कौमुदी तशीच भाताचा हात घेऊन निघाली. मग परत येऊन हात धुतला, ओजसला उचललं आणि पुन्हा निघाली.

पुढचा रस्ता राजधानीला शोभेल एवढा रुंद करायचा म्हणून खणून ठेवला होता, त्यामुळे ट्रक मागच्या गल्लीतून आला होता आणि सामान चर्चच्या पाठीमागेच उतरलं होतं. नत्थू मिस्त्री बल्ल्यांची परांची बांधत होता. कौमुदीने त्याला थांबायला सांगितलं. तो म्हणाला, “हव, दीदी,” आणि बांधत राहिला.

ती पत्तरकिने साहेबांकडे गेली. घाईत घडलेली चूक शांतपणे समजावून सांगायची असं तिने रिक्षात ठरवलं होतं.

“सर, वो छपाई रुकवानी है.”

“क्यों? छपाई नहीं चाहिए?”

“चाहिए सर. लेकिन ती छपाई नाही. छपाई.”

“कौन सी?”

“पुस्तकाची.”

“पुस्तक की भी करेंगे. पहले चर्च की होने दीजिए.”

“सर, चर्चची झाली तर पुस्तकात काही अर्थ राहणार नाही. पुस्तकात लिहिलंय की चर्चला छपाई नाही म्हणूनच ते मोठं आहे.”

साहेबांनी यावर विचार केला. ते वाईट माणूस नव्हते. ओजसला त्यांनी स्वतः होऊन पेपरवेट दिला.

“देखिए मॅडम. आपने कहा छपाई रह गई है. मैंने देखा, रह गई है. टीचरजी ने हाथ जोड़े. ऊपर मैंने बोल दिया. अब मैं जाकर क्या बोलूँ, कि अधूरा ही अच्छा है? नए राज में?”

“ते अधुरं नाहीये, सर.”

“ये आप और हम समझते हैं,” साहेब म्हणाले, आणि त्यांना समजलं नव्हतं हे दोघांनाही समजलं. “चर्च वाले मना कर दें तो बात अलग है. टीचरजी बोल दें.”

म्हणजे सगळं टीचरांवर आलं.

टीचर घरी अंगणात वाळवणाच्या मिरच्या चाळत बसल्या होत्या. कौमुदीला पाहून त्यांनी खुर्ची पुढे केली, ओजसला बिस्किट दिलं. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की कौमुदीने आधी पाणी मागितलं, मग हवापाण्याचं बोलून झालं, आणि मग सांगितलं. छपाई म्हणजे तिला काय म्हणायचं होतं ते.

टीचरांचा हात मिरच्यांवर थांबला.

“म्हणजे तू माह्यासाठी नाही बोलली.”

“नाही, मावशी.”

“पुस्तकासाठी बोलली.”

“हो.”

टीचर पुन्हा मिरच्या चाळू लागल्या. “ठीक आहे. देव कोणाच्याबी तोंडून बोलवून घेते. बायबलात गाढवाच्या तोंडूनबी बोलला होता एकदा.”

कौमुदीने गाढव होणं पत्करलं. ती म्हणाली, “मावशी, एकदा माझं ऐका. गिलावा करायचा असला की मिस्त्री विटांच्या दरजा खडबडीत सोडतो, म्हणजे सिमेंट धरून राहतं. तुमच्या चर्चची एकेक दरज भरून, घोटून, रेघ ओढून ठेवलेली आहे. झाकायचं असतं तर एवढं कोण करेल? ज्याला दाखवायचंय तोच करेल. लिंबूसाहेबाचं काम राहिलं नाही. त्याने संपवलं होतं.”

“असंन.”

“असंन म्हणजे?”

“म्हणजे तू म्हणते ते खरं असंन. मंग?” टीचरांनी मिरचीचं देठ मोडलं. “माहं लग्न ठरलं ना, तर सासऱ्याकडचे चर्च पाहायले आले. ख्रिस्तीच लोक, जबलपूरचे. बाहेरूनच पाहून म्हणाले, आम्ही अधुऱ्या घरात लग्न नाही लावत, अपशकुन होते. रेल्वेच्या हॉलमध्ये लागलं माहं लग्न. मागं बॅडमिंटनची जाळी होती. फोटोत आहे अजून, माह्या डोक्यावरून गेली जाळी.”

कौमुदीला हसू आलं आणि हसावं की नाही हे कळेना.

“हास ना. मीबी हासते. पण शाळेत पोट्टे विचारत, टीचर, आपका चर्च कब पूरा होगा? बाजारात सोनार विचारे. डॉक्टर विचारे, बीपी पाहता पाहता. त्याहिले काय सांगू, दरजा घोटून ठेवल्या आहेत? मले मरायच्या आधी एकदा पूर्ण पाहायचं आहे बाई. तुले सुंदर वाटते, मले मान खाली घालावी लागते. तुले दोन वर्षं झाली येऊन. मी तिथंच बाप्तिस्मा घेतला.”

पुण्यात पाच वर्षं शिकवतात, त्यात हे येत नाही. कौमुदीने ओजसच्या हातातलं भिजलेलं बिस्किट काढून घेतलं आणि ती उठली.

“मी तुमच्या मनाविरुद्ध कुठे बोलणार नाही, मावशी. पण चुकून माझ्या तोंडून गेलं आणि त्यावर सिमेंट चढणार, हे मला बघवणार नाही.”

“मंग नको येऊ पाहायले,” टीचर म्हणाल्या. रागाने नाही, मिरच्यांचा ठसका लागतो म्हणून मुलाला लांब ने म्हणावं, तसं.

ती गेली नाही. दोन दिवस गेली नाही. ओजस झोपला की कागद पुढ्यात घ्यायची आणि मिटायची. ‘या इमारतीला गिलावा नाही’ हे वाक्य बदलून ‘नव्हता’ करायचं होतं. एक अक्षर वाढवायचं होतं, पण तिच्याने होईना. तिसऱ्या दिवशी कुमुदताईच म्हणाल्या, “जाऊन पाहून ये. घरात बसून भांडे काहून आपटते? ओजसले घेऊन जा, त्याले हवा लागंन.”

मागच्या भिंतीवर काम सुरू झालं होतं. दोन माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहतील एवढा आणि त्यांच्या डोक्यावर हातभर जाईल एवढा तुकडा नत्थूने पूर्ण केला होता. चांगलं काम होतं. सपाट, करडं, गुळगुळीत. त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला विटांचे दाते थेट येऊन सिमेंटमध्ये बुडाले होते. समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर टीचर बसल्या होत्या, हातात छत्री. सकाळपासून बसल्या असाव्यात.

“ये,” त्या म्हणाल्या. “पाहून घे.”

कौमुदी शेजारी उभी राहिली. नत्थू थापी मारत होता: थप, थप.

गल्लीतून एक माणूस स्कूटरवर आला. नव्या कॉलनीतला असावा, डोक्यावर नवं हेल्मेट. त्याने स्कूटर थांबवली, भिंतीकडे पाहिलं.

“आंटी, ये नया बन रहा है क्या?”

टीचरांनी छत्री खाली केली. “क्या?”

“बढ़िया है. राजधानी में सब नया हो रहा है. क्या है ये, मैरिज हॉल?”

“चर्च है,” टीचर म्हणाल्या.

“अच्छा अच्छा. कब से चालू होगा?”

टीचरांनी त्या माणसाकडे पाहिलं. आयुष्यभर लोकांनी त्यांना ‘कधी पूर्ण होणार’ विचारलं होतं आणि त्यांच्याकडे त्याचं उत्तर नव्हतं, पण सवय होती. ‘कधी सुरू होणार’ हे कोणी कधी विचारलं नव्हतं. माणूस उत्तराची वाट बघून, मान हलवून निघून गेला.

नत्थूने अजून एक थापी मारली.

“कौमुदी.”

“काय मावशी?”

“सत्तर वर्षं ते अधुरं होतं. आता पाहता पाहता नवं झालं.” टीचरांनी हळूच म्हटलं. “मधातलं जुनं व्हायचं राहूनच गेलं ना.”

कौमुदीने पुस्तिकेत बरंच काही लिहिलं होतं, पण हे लिहिलं नव्हतं.

“माहा बाप्तिस्मा कुठं झाला मंग? माह्या मायले शेवटचं कुठून नेलं? मैरिज हॉलातून?” टीचर उठल्या. खुर्चीला हात टेकून उठल्या आणि बल्ल्यांपर्यंत गेल्या. “नत्थू, थांब.”

“जी, टीचर?”

“कलर कोणता द्यायचा आहे?”

नत्थूने खाली पाहिलं. “टीचर, कलर तो बाद में लगता है.”

“बाद में झगड़ा होगा. पहले तय होगा. चर्चच्या कमिटीत रंग ठरल्याबिगर पुढचं काम नाही.”

“कब तय होगा?”

“होगा,” टीचर म्हणाल्या. “बुलावा भेजेंगे.”

खिडक्यांच्या पडद्यांचा रंग ठरवायला त्यांच्या कमिटीला जेवढा वेळ लागला होता, तेवढ्यात मध्य प्रदेशातून छत्तीसगड वेगळं झालं होतं. कौमुदीला हे माहीत नव्हतं. नत्थूला माहीत होतं. त्याने त्याच संध्याकाळी बल्ल्या सोडल्या आणि दुसऱ्या कामावर नेल्या.

रविवारी कमिटी बसली. टीचरांनी अगदी निष्पक्षपणे विषय मांडला. जुन्या घरांनी पांढरा म्हटलं, तरुणांनी क्रीम म्हटलं, गायकवृंदाने फिकट निळ्यावर प्रार्थनेइतकाच जोर दिला. कोणाचंही मत दाबलं जाऊ नये याची टीचरांनी काळजी घेतली. सभा पुढच्या रविवारवर गेली, तिथून त्याच्या पुढच्या.

सोहळा मात्र तारखेला आला. त्याच्या आदल्या सकाळी कौमुदी मंडपाच्या दोऱ्या बघत होती. ओजस तिच्या साडीला धरून उभा राहायचा सराव करत होता. इतक्यात मागच्या गल्लीत जीप थांबली आणि पत्तरकिने साहेब उतरले.

कौमुदीने दोरी तशीच सोडली. साहेबांना उरलेली भिंत दिसली, की उद्या नाही तर परवा नवा मिस्त्री येणार, आणि त्याला रंगाशी काही घेणं नसणार. टीचर आधीच पुढे गेल्या होत्या.

“या साहेब, या. पुढून चिखल आहे, इकडून या. चहा?”

“चाय नहीं, टीचरजी, टाइम नहीं है. आज सात जगह देखनी हैं.” साहेबांनी रुमालाने मान पुसली. “छपाई हो गई ना?”

“झाली ना. हे काय.”

साहेब त्या तुकड्यासमोर उभे होते. जवळून ती भिंत फार मोठी दिसत होती. साहेबांनी हात लावून पाहिलं. “अच्छा काम किया है. फिनिशिंग अच्छी है.” ते मान वळवून बाजूला बघणार तेवढ्यात टीचरांनी विचारलं, “फोटो लागंन ना साहेब, फाइलीले?”

“लगेगा. फोटोग्राफर लेकिन मंत्रीजी के साथ गया है.”

“आमची आहे ना. कौमुदी, तुहा कॅमेरा आण.”

कौमुदीने टीचरांकडे पाहिलं. टीचरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पदर सारखा केला, साहेबांच्या कोपराला अगदी हलकेच धरून त्यांना सिमेंटच्या मधोमध उभं केलं आणि स्वतः शेजारी उभ्या राहिल्या.

कौमुदीने एका हाताने ओजसला कडेवर घेतलं, दुसऱ्या हाताने कॅमेरा. ती मागे सरकली. काचेतून दोन्हीकडचे विटांचे दाते आत आले. ती एक पाऊल पुढे आली, दाते गेले. ओजसने कॅमेऱ्याचा पट्टा चावायला घेतला.

“सर, जरा पास. मावशी, तुम्हीपण. आणखी.”

“चर्च पूरा आना चाहिए, मॅडम,” साहेब म्हणाले.

टीचर समोर बघत होत्या. शाळेत तपासणीस आले की ‘मुलींच्या संडासाचं काम चालू आहे’ असं त्या ज्या चेहऱ्याने सांगत आल्या होत्या, तोच चेहरा त्यांनी लावला होता.

“पूरा आ रहा है, सर,” कौमुदी म्हणाली, आणि बटण दाबलं.